पेजेत पडलेला आयोडीनचा थेंब : शालेय जीवशास्त्रातील रसायनप्रयोगांची वाटचाल

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे सांगितली आहेत. यांपैकी ज्ञानदानाच्या भावनेतून गावोगावी पाठशाळा, विद्यालये, वसतिगृहे व वाचनालये उभी राहिली आणि त्यांचा इतिहास स्मरणिकांतून वेळोवेळी लिहिलाही गेला. तथापि इमारतीचा इतिहास लिहिणे त्यामानाने सोपे असते; कोनशिलेवर तिथी असते, देणगीदारांची नावे असतात. वर्गाच्या चार भिंतींत विद्यार्थ्याला ज्ञान कोणत्या रीतीने मिळाले, याची नोंद मात्र कोणत्याही कोनशिलेवर नसते. प्रस्तुत लेखात अशाच एका रीतीचा मागोवा घेतला आहे. जीवशास्त्राच्या तासाला, विद्यार्थ्याने स्वतःच्या हातांनी प्रयोग करून रसायनशास्त्राची मुळाक्षरे गिरवावीत, ही ती रीत होय. तिचे मूळ प्रयोग युरोपात घडले, वर्ध्याला तिचा एक आराखडा तयार झाला, होशंगाबादेत ती बहरली आणि तेथेच थांबविलीही गेली. गोंदियासारख्या धानाच्या मुलखात तिला लागणारे बहुतेक साहित्य घरोघरी उपलब्ध असूनही तिचे पुढे काय होणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. धानाची शेती, तांदळाच्या गिरण्या, जुने मालगुजारी तलाव आणि पूर्वेकडील जंगल ही या भागाची ओळख. १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात व पुढे जुन्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजेच वर्धा, होशंगाबाद व गोंदिया ही तीन गावे एके काळी एकाच शिक्षण खात्याच्या छत्राखाली होती. पुढील हकिगत समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

या भागात माध्यमिक व उच्च शिक्षणाचा प्रसार होण्यात मनोहरभाई पटेल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. स्वतः फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या या उद्योजकाने १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि त्यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागात अनेक हायस्कुले उभी राहिली. हायस्कुले आली तशी विज्ञानाची प्रयोगशाळाही आली. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारी एक अडचण येथेही चुकली नाही. प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट, कपाटात फॉर्मॅलिनमध्ये बुडविलेले नमुने, भिंतीवर हृदयाचा तक्ता आणि विद्यार्थ्याच्या हाती फळ्यावरून उतरविलेली प्रयोगवही, असे तिचे रूप अनेकदा होऊन बसे. जीवशास्त्र म्हणजे नावे व आकृत्या, रसायनशास्त्र म्हणजे सूत्रे व समीकरणे, अशी वाटणी झाली. पान, पोट आणि धानाचे बी यांत रसायनच घडत असते, ही गोष्ट दोन विषयांच्या मधल्या फटीत हरवून गेली.

वास्तविक पाहता ही वाटणी विज्ञानाच्या इतिहासाला धरून नाही. अठराव्या शतकात रसायनशास्त्र ज्या वेगाने वाढले, त्याचे बरेचसे श्रेय सजीवांवरील प्रयोगांना जाते. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात चुन्याच्या निवळीतून श्वास फुंकून दाखविला; निवळी दुधाळ झाली आणि माणसाच्या उच्छ्वासात एक निराळा वायू असतो हे उघड झाले. त्यालाच आज कार्बन डायऑक्साइड म्हणतात. १७७१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टले यांनी मेणबत्ती जळून बिघडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच वैद्याने पाण्यात बुडविलेल्या पानांवरचे बुडबुडे तपासले व ते केवळ उजेडातच येतात आणि वनस्पतीच्या हिरव्या भागातूनच येतात, असे सिद्ध केले. त्यासाठी त्याने एका उन्हाळ्यात पाचशेहून अधिक प्रयोग केले होते.

प्रिस्टले यांच्या प्रयोगांत बंद भांड्यात उंदीरही ठेवले जात व बिघडलेल्या हवेत ते गुदमरत, हेही येथे नमूद करणे उचित होय. इंगेनहाउझ यांनी तोच प्रश्न पानांना विचारला आणि उत्तर अधिक पक्के मिळाले. ज्ञान मिळविण्यासाठी प्राण घ्यावाच लागतो असे नाही, याचा हा एक जुना पुरावा मानता येईल.

आयोडीनची कथा या सर्वांहून रंजक आहे. १८११ मध्ये फ्रान्समधील बेर्नार कूर्त्वा हे समुद्रशेवाळाच्या राखेपासून क्षार काढीत असताना त्यांना जांभळी वाफ दिसली, तेच आयोडीन. पुढील तीन वर्षांतच, १८१४ मध्ये, पिष्टाशी त्याचा संयोग होताच गडद निळा रंग येतो हे ध्यानात आले. १८६० च्या दशकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साख्स यांनी याच रंगाचा उपयोग करून घेतला. पानाचा अर्धा भाग झाकावा, पान उन्हात ठेवावे, मग त्यातील हिरवा रंग मद्यार्काने काढून टाकावा आणि पानावर आयोडीन घालावे. झाकलेला भाग फिकट राहतो, उघडा भाग निळा-काळा होतो. पानाने उजेडात अन्न तयार केले, हे वाक्य तोवर अनुमान होते. आता ते डोळ्यांनी दिसणारे चित्र झाले. जगभरच्या शाळांत आजही हा प्रयोग केला जातो.

गोंदियाच्या विद्यार्थ्याला तर या प्रयोगाची पहिली पायरी घरच्या चुलीवरच मिळते. भाताची पेज म्हणजे पिष्टाचे द्रावणच. ती निववून तिच्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनचा पातळ केलेला थेंब टाकला की ती निळीशार होते. येथे पेज निववणे महत्त्वाचे आहे. गरम पेजेत रंग येत नाही, किंवा आलेला रंग तापविल्यावर जातो व थंड होताच परततो. कारण पिष्टातील अमायलोज नावाचा लांब रेणू जिन्याप्रमाणे वळलेला असतो आणि आयोडीन त्या वळणांच्या पोकळीत जाऊन बसते. उष्णतेने वळण सैल पडते, आयोडीन सुटते, रंग नाहीसा होतो. परीक्षानळी चिमट्यात धरून तापवावी, मग थंड पाण्यात धरावी, निळा रंग जाताना व येताना पाहावा, एवढ्याने रेणूला आकार असतो ही कल्पना आठवीच्या मुलाच्या मनात पक्की बसते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या दहा ओळींना साधत नाही.

चिकट तांदूळ व मोकळा शिजणारा तांदूळ यांतील भेदही याच थेंबाने उलगडतो. भात मोकळा होण्यामागे अमायलोजचे प्रमाण अधिक असणे हे एक प्रमुख कारण असते. ज्या जातींत ते जवळजवळ नसतेच, अशा अतिचिकट तांदळाला आयोडीन लावल्यास निळ्याऐवजी तांबूस तपकिरी छटा येते. धानाच्या गावात तांदळाच्या जातींची चर्चा घरोघरी चालते. त्या चर्चेला रसायनाचा आधार आहे, हे वर्गात कळले तर विद्यार्थ्याचा शाळेविषयीचा आदर वाढतो आणि घराविषयीचाही.

याहून पुढची पायरी अंकुराची. १८३३ मध्ये पाया व पर्सोझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी अंकुरलेल्या जवापासून असा एक पदार्थ वेगळा केला की जो पिष्टाचे साखरेत रूपांतर करतो. त्याला त्यांनी डायास्टेज हे नाव दिले. विकर म्हणजे एन्झाइम या प्रकारातील वेगळा केलेला हा पहिला पदार्थ. आपल्याकडे मृग लागला की धानाचे बी भिजते, अंकुरते आणि पऱ्हे टाकले जातात. त्या दाण्यात नेमके हेच घडत असते. साठवलेले पिष्ट विरघळून कोवळ्या रोपाचे अन्न होते. अंकुरलेले धान ठेचून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून घ्यावे आणि ते पाणी निवलेल्या पेजेत मिसळावे. दर पाच मिनिटांनी त्यातील एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकावे. आरंभी निळा, मग जांभळट, मग तांबूस, आणि वेळ दिला तर अखेर आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग तेवढा उरतो. त्याच पेजेचा एक भाग अंकुराचे पाणी न घालता बाजूला ठेवावा लागतो; तो शेवटपर्यंत निळाच राहतो. तुलनेसाठी ठेवलेला हा भाग म्हणजे प्रयोगाचा आत्मा होय. तो नसेल तर रंगांची गंमत होते, विज्ञान होत नाही.

आता आपल्या प्रदेशातील प्रयत्नांकडे वळू. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा, म्हणजेच पुढे नयी तालीम या नावाने प्रसिद्ध झालेल्या शिक्षणाचा अभ्यासक्रम तयार केला. या योजनेतील सूतकताई सर्वांच्या लक्षात राहिली. परंतु तिच्या सामान्य विज्ञान या विषयाची रचना विशेष अभ्यासण्याजोगी आहे. निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, शरीर व आरोग्य यांच्या शेजारीच त्यात रसायनाचाही समावेश होता, आणि तोही हवा, पाणी, आम्ल, अल्कली व क्षार अशा नित्याच्या गोष्टींच्या आधारे. शेत, विहीर आणि स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा समजून चालणारा हा विचार होता. त्याच सुमारास मध्य प्रांतात पं. रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. दोन्ही योजनांचा गाजावाजा झाला, काही वर्षे निष्ठेने कामही झाले. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत ‘बेसिक’ शाळा नावापुरत्या उरल्या. हाताने करणे म्हणजे केवळ सूत काढणे, अशी समजूत रूढ झाल्याने विज्ञानाचा हा धागाही त्याबरोबर तुटला. हे नुकसान फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

१९६४ मध्ये केंद्र सरकारने डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला आणि १९६६ मध्ये त्याचा अहवाल आला. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, ही त्याची शिफारस सर्वांना ठाऊक आहे. त्याबरोबरच विज्ञान हे शोधक वृत्तीने, प्रयोगांतून शिकविले जावे असाही त्याचा आग्रह होता. स्वतः पदार्थविज्ञानाचे थोर अभ्यासक असलेल्या कोठारी यांनी विज्ञान आणि अहिंसा यांची सांगड घालण्याचा विचार आयुष्यभर मांडला व अहवालातही त्याचे प्रतिबिंब उमटले आहे. याच वर्षी अहमदाबादच्या सुप्रसिद्ध जैन कुटुंबात जन्मलेले डॉ. विक्रम साराभाई यांनी तेथे सामुदायिक विज्ञान केंद्र सुरू केले. अवकाश संशोधनाचा पाया घालणाऱ्या या शास्त्रज्ञाला शाळकरी मुलांनी स्वतः प्रयोग करावेत यासाठी वेगळी वास्तू उभारावीशी वाटली, यातच या विषयाचे मोल दिसून येते. महाराष्ट्रात १९६६ मध्येच मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने ते वर्ष मोठे शुभ म्हणावयास हवे.

तथापि या विचारांना खरी शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा भेटली ती होशंगाबाद जिल्ह्यात. या जिल्ह्याचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम असे झाले आहे. १९७२ मध्ये रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि डॉ. अनिल सद्गोपाल व सहकाऱ्यांची किशोर भारती या दोन संस्थांनी तेथील १६ शासकीय शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली विद्यापीठ आदी ठिकाणचे वैज्ञानिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी खेड्यात येऊन राहू लागले. मुले चार-चार जणांच्या टोळीत बसत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे नसत. प्रश्न असत, कृती असे, आणि उत्तर मुलांनी आपल्या वहीत स्वतः लिहावयाचे असे. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवण्यास मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षाही होती. परीक्षेची ही रीत बदलली नसती तर उरलेले सारे बदल वर्षभरात पुसले गेले असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये त्यातून एकलव्य ही संस्था जन्मास आली आणि पुढे अनेक जिल्ह्यांतील शाळा त्यात सामील झाल्या. टेल्कोतील नोकरीतून रजा घेऊन १९७८ मध्ये येथे आलेले अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगकाड्या यांपासून जी खेळणी घडविली, ती महाराष्ट्रातील असंख्य मुलांना परिचित आहेत. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंद केला. सर्व राज्यात एकच पाठ्यपुस्तक असावे, ही भूमिका त्यामागे होती. शिक्षक होते, साहित्य होते, अनुभव होता; नव्हती ती केवळ शासनाची संमती. जुन्या प्रांताच्या नकाशावर हा जिल्हा भंडाऱ्याचा बांधव होता. प्रांत एकसंध राहिला असता तर त्या प्रयोगाची झळाळी इकडेही आली असती का, अशी हुरहूर वाटल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्रात १९७४ मध्ये मुंबईला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. डॉ. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली या केंद्राने जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी प्रकल्प राबविला. केंद्राच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. विद्यार्थ्याला विज्ञान कठीण जाते त्याचे एक मोठे कारण पाठ्यपुस्तकाची भाषा हे असते. ती सोपी केली की मुलांचे आकलन लक्षणीयरीत्या सुधारते. ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दापाशी अडलेला विद्यार्थी निळ्या झालेल्या पानापाशी अडत नाही, असे त्याचे तात्पर्य सांगता येईल. पोवारी, गोंडी वा झाडीबोली घरी बोलणाऱ्या मुलांच्या या जिल्ह्यात ते विशेष लागू पडते. पुढे १९८१ पासून मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली व तिच्यात प्रयोगपरीक्षेला स्थान दिले. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. निवडक हुशार मुलांना यांचा लाभ झाला. सामान्य वर्गातील सामान्य मुलाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

या साऱ्या कालखंडात जीवशास्त्राची प्रयोगशाळा म्हटले की डोळ्यांपुढे येई तो मेणाच्या तबकात टाचण्यांनी जखडलेला बेडूक. जैन कुटुंबातील अनेक मुलामुलींनी या एका कारणास्तव जीवशास्त्राऐवजी गणिताचा मार्ग धरला, तर काहींनी वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने मन घट्ट करून ते केले. विच्छेदनाला काहीच अर्थ नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. शरीराची रचना त्यातून समजे व शल्यविद्येकडे जाणाऱ्यांना हाताची सवय होई. परंतु बेडकाच्या पोटात जठर कोठे असते एवढेच त्यातून कळे. जठरात अन्नाचे काय होते हे कळत नसे. त्यासाठी विद्यार्थ्याची स्वतःची लाळ पुरेशी आहे. निवलेल्या पेजेत लाळ मिसळून काही मिनिटांनी आयोडीन टाकल्यास निळा रंग येत नाही, आणि तोंडात भात बराच वेळ चावला की तो गोड का लागतो याचे उत्तर मिळते. लाळेचा हा गुण शास्त्रज्ञांनी १८३१ मध्येच नोंदविला होता.

धानाच्या शेतकऱ्याला बेडकाची महती निराळी सांगावयास नको. बांधीतील किडी खाणारा तो प्राणी. भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात मोठ्या प्रमाणावर होत असे, ती १९८७ मध्ये बंद करण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना काढल्या आणि २०१४ मध्ये महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतून ते थांबविण्याचा निर्णय घेतला. शालेय पातळीवर ते त्याआधीच मागे पडू लागले होते. अभयदानाचा एक टप्पा शासकीय परिपत्रकाने गाठला गेला, असे समाधानाने म्हणता येते. पण रिकामे झालेले ते मेणाचे तबक भरले कशाने, हा खरा प्रश्न आहे. बऱ्याच ठिकाणी ते पडद्यावरील चित्रफितीने भरले गेले. चित्रफीत वाईट नव्हे. मात्र तीत निळा रंग नेहमीच येतो. विद्यार्थ्याच्या हातून तो कधी येत नाही, आणि का आला नाही हे शोधताना तो खरे रसायन शिकतो.

एक छोटासा तपशील येथे उल्लेखनीय वाटतो. परासरण दाखविण्यासाठी अनेक पुस्तकांत बटाटा सांगितलेला असतो. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरात तो सापडावयाचा नाही. पण त्यावाचून काहीही अडत नाही. कच्च्या पपईच्या तुकड्यात खळगा करून त्यात साखर घालावी व तो तुकडा पाण्यात ठेवावा, खळग्यात पाणी जमते. मनुका पाण्यात टाकल्या तरी टम्म फुगतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमधून प्राणवायू मुक्त करणारे कॅटालेज हे विकर दाखविण्यासाठीही बटाटाच सांगितलेला असतो. मोड आलेले मूग ठेचून घातले तरी फेस तितक्याच जोमाने येतो. फेसापाशी विझू लागलेली, टोकाशी निखारा असलेली उदबत्ती नेली की ती उजळते. प्राणवायूची ओळख पटविण्यास याहून स्वस्त साधन शोधूनही सापडणार नाही.

मालगुजारी तलावांत वाढणारी हायड्रिला ही पाणवनस्पती जगदीशचंद्र बोस यांच्या प्रयोगशाळेत मानाने नांदली होती. तिच्यातून निघणाऱ्या प्राणवायूच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारे उपकरण त्यांनी तयार केले आणि १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. काचेच्या पेल्यात हायड्रिलाची फांदी, तीवर उपडे नरसाळे, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, एवढ्यावर शाळेतील प्रयोग होतो. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की बुडबुडे वाढतात, कारण सोड्यातून वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड मिळतो. पेला सावलीत नेला की ते मंदावतात. ज्या जिल्ह्यात तलावांची गणती मोठी, तेथे या फांदीसाठी पुरवठादाराकडे मागणीपत्र पाठविण्याची गरज नसावी.

सध्याच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या रचनेत विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाचे दोन भाग असून प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा व २० गुण प्रात्यक्षिकासाठी असतात. दुसऱ्या भागात जीवनप्रक्रियांचे पाठ आहेत. त्यांत ग्लुकोजच्या विघटनापासून क्रेब चक्रापर्यंत पेशीतील रसायन शिकविले जाते. पंचवीस वर्षांपूर्वी महाविद्यालयात भेटणारा हा भाग आज पंधरा वर्षांच्या मुलापुढे ठेवला जातो, आणि त्यातील पुष्कळांनी चुन्याच्या निवळीत स्वतःचा श्वास कधी फुंकलेला नसतो. विड्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा, वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यावे, नळीने हलकेच फुंकावे. ब्लॅक यांचा प्रयोग पाच मिनिटांत होतो. निवळी तोंडात ओढली जाऊ नये आणि डोळ्यांत उडू नये, एवढी दक्षता शिक्षकांनी घ्यावयाची. पानातील हिरवा रंग काढताना मद्यार्क थेट आचेवर कधीही ठेवू नये. आच विझवून, गरम पाण्याच्या भांड्यात मद्यार्काची नळी उभी करावी. दक्षतेच्या या दोन ओळी प्रयोगशाळेच्या भिंतीवर हृदयाच्या तक्त्याशेजारी लावल्या जाव्यात.

खर्चाचा विचार केल्यास आयोडीन, मद्यार्क, लिटमस आणि काही डझन परीक्षानळ्या एवढेच विकत घ्यावे लागते. लिटमसलाही पर्याय आहे. वनस्पतींच्या रंगांनी आम्ल व अल्कली ओळखण्याची रीत रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये व्हायोलेट फुलांच्या सरबतावरून मांडली. आपल्याकडे हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे प्रत्येक घरी ठाऊक आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांचे पाणी लिंबाने लाल व सोड्याने हिरवट होते. या जिल्ह्यातील विपुल फूल म्हणजे पळस. त्याच्या फुलांचे पाणी चुन्याची निवळी घातली की गडद केशरी होते. होळीचा जुना रंग तोच. अडचण एवढीच की पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा दहावीचे विद्यार्थी परीक्षेच्या केंद्रावर असतात. त्यामुळे हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गांकडे सोपवून, फुले सुकवून डब्यात भरून ठेवावी लागतात. सुकल्यावरही ती पाण्यात रंग सोडतात आणि जुलैत नवे वर्ग सुरू झाल्यावर कामी येतात.